गटात गेलो तर अख्ख्या बंदरात कळेल

"ताईनू, थंय गेलंय तर अख्ख्या बंदरात बोंब जातली."

समोर बसलेला माणूस तांडेल, म्हणजे मासेमारी होडीचा प्रमुख होता, सिंधुदुर्गातल्या एका बंदरावरचा. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) दारू सोडायची होती, पण दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटात जायचं नव्हतं. किनाऱ्यावरच्या गावांतून मला सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न येतो. गाव एवढंसं, सगळे ओळखीचे, मग आपली लाज चव्हाट्यावर कशाला न्यायची?

बायको शेजारी बसली होती. ती खाली बघतच म्हणाली, "आता कळूचा काय रवला? शिमग्याक रस्त्यार पडलात तेव्हा घराकडे कोणी हाडल्यानी?"

तो गप्प झाला. मीही थोडा वेळ गप्प राहिले.

याआधी त्याने एकदा दारू सोडली होती. ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घालून, शपथ घेऊन, एका रात्रीत. दुसऱ्या दिवशी हात इतके थरथरले की जाळ्याची सुई धरता येईना, आणि संध्याकाळी पडवीत फिट आली. घरचे म्हणाले बाहेरचं काहीतरी आहे, भगताला बोलावलं. तेवढ्यात कुणीतरी घोटभर दारू पाजली, थरथर थांबली, आणि शपथ तिथेच मोडली. ती शपथ खोटी होती असं मला कधीच वाटलं नाही. पण वर्षानुवर्षं रोज दारू मिळालेल्या शरीराची दारू एकदम तोडली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यापुढच्या दिवसांत भ्रम होऊ शकतो, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून रोज पिणाऱ्याला मी आधी डॉक्टरकडे पाठवते, गट त्यानंतर. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात त्याला दाखल करून घेतलं. औषधं आणि बी-१ जीवनसत्त्व सुरू झालं, आणि आठवड्याने तो स्वतःच्या हाताने चहाचा कप धरून माझ्यासमोर बसला.

मग गटाचा विषय पुन्हा काढला. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ए.ए., हे नाव त्याने ऐकलं होतं, पण ते एखादं हॉस्पिटल असावं असं त्याला वाटत होतं. मी सांगितलं, १९३५ साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक सर्जन असे दोन दारुडे एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून हे उभं राहिलं. भारतात ते १९५७ पासून आहे. फी नाही, आडनाव सांगावं लागत नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच अट. खुल्या सभेला घरचं माणूस बरोबर नेता येतं, बंद सभा फक्त पिण्याचा त्रास असलेल्यांची असते.

जागा बहुतेक शाळेचा वर्ग नाहीतर चर्चचा हॉल. वार आणि वेळ बदलत राहतात, म्हणून आधी फोन करून मगच निघावं. गट कुठे आहे हे ए.ए.च्या भारतातल्या संकेतस्थळावर बघता येतं, जिल्हा रुग्णालयात विचारता येतं, १४४४६ या सरकारी टोल फ्री नंबरवरही विचारता येतं. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये उपचार घेतले असतील तर आपल्या भागात पाठपुराव्याची बैठक होते का, हे तिथेच विचारावं.

"माझ्या तालुक्यात नको," तो म्हणाला. मी म्हटलं, नको तर नको, शेजारच्या तालुक्यात जा. एस्टीने दीड तास.

पुढचं त्याच्याच तोंडून ऐकलेलं. खोलीत नऊ जण, कोपऱ्यात चहाची किटली. हा दाराजवळच्या बाकावर बसला, म्हणजे पळायला सोपं. मान वर केली तर समोर कोण? त्याच्याच होडीला रोज बर्फ देणारा माणूस. दोघेही जमिनीकडे बघत राहिले. सभा संपल्यावर बर्फवाला जवळ आला नि म्हणाला, "मी पण तुज्यासारखोच हयसर लांब इलंय." चार वर्षं तो पीत नव्हता. बंदरावर सगळ्यांना वाटायचं, पोटाच्या दुखण्यामुळे सोडली असेल. रोज पहाटे भेटणाऱ्या आमच्या तांडेलालाही कधी पत्ता लागला नव्हता. दोघे एकाच एस्टीने परत आले.

बायकोसाठीही गट हवाच, हे मी आवर्जून सांगते. घरच्यांसाठीचा अल-अनॉन तिला जवळपास सापडला नाही, म्हणून मोबाईलवरच्या बैठकीत बसायला लागली. "ताप इलोहा" असं होडीच्या मालकाला खोटं सांगणं तिने बंद केलं. तिला ते फार जड गेलं, नवऱ्याला दारू सोडणं गेलं तेवढंच.

गणपतीत तो घसरला. मुंबईहून आलेल्या चुलत भावाने बाटली काढली, 'वर्षातून एकदा' म्हणत दोन पेग झाले. रात्री अकराला त्याने बर्फवाल्याला फोन केला, आणि बर्फवाला त्याच्या अंगणात येऊन पहाटेपर्यंत बसून राहिला. आरतीच्या आधी दोघे बंदरावर चालून आले. दारूविना गेलेल्या दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. होडी उशिरा लागणार होती, सभेच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे होती, आणि ती कोणाच्या हाती पाठवू, असं विचारत होता.