पोरींचा फुटबॉल वर्ल्डकप असते का?

प्रश्न: ताई, माझी पोरगी शाळेत फुटबॉल खेळून राहिली. घरचे म्हणते पोरींचा कुठं वर्ल्डकप असते. खरं काय ते सांगा, अन आपली इंडिया खेळते का त्यात?
– एक बाप, दारव्हा तालुका, यवतमाळ

उत्तर: असते ना भाऊ, 1991 पासून असते! पहिला चीनमधे झाला, अमेरिका जिंकली, नंतर अजून तीनदा जिंकली. 2023 ला ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधे 32 टीम होत्या, फायनलला स्पेननं इंग्लंडला 1-0 हरवलं, गोल ओल्गा कार्मोनाचा, अन मॅच संपल्यावर त्या पोरीला समजलं की आपले वडील वारले, मला तर वाचूनच रडू आलं. पुढचा 2027 ला ब्राझीलमधे आहे.

आपली मोठी टीम अजून तिथं पोचली नाही. पण 2022 चा अंडर-17 वर्ल्डकप भारतातच झाला, यजमान म्हणून आपल्या पोरी खेळल्या, तिन्ही मॅच हरल्या, समोर अमेरिका अन ब्राझीलसारख्या टीम होत्या, तरी उतरल्या ना मैदानात. अन 2025 मधे आपल्या मोठ्या टीमनं थायलंडला त्यांच्याच घरी 2-1 हरवून आशियाई कपचं तिकीट काढलं, वर्ल्डकपचा रस्ता तिथूनच जाते.

तेव्हा कापूस वेचणीच्या दिवसात पोरीची प्रॅक्टिस बंद करू नका, अन घरच्यांना हे वाचून दाखवा.