आइस फिशिंगच्या (गोठलेल्या तळ्यावरच्या मासेमारीच्या) स्लेडचा तळ घासू नये म्हणून रनर पट्ट्या लावाव्यात का? आणि कशा लावायच्या?

लावा. मात्र गोंदाने चिकटवू नका, बोल्टनेच लावा, आणि तळाला भोकं पाडायची भीती बाळगू नका.

तुम्ही लिहिलंय की मिनेसोटातला हा तुमचा पहिला हिवाळा, पॉलिथिलीनची मोठी स्लेड घेतली, स्नोमोबाइलमागे (स्नोवर चालणाऱ्या गाडीमागे) ओढता, आणि डिसेंबरातच तळावर नख अडकेल इतके खोल ओरखडे आले. नवी वस्तू इतक्या लवकर अशी होताना पाहून वाईट वाटणारच. मीही ट्विन सिटीजजवळ (मिनिआपोलिस-सेंट पॉल) राहतो, मिल लॅक्स आणि आसपासच्या तळ्यांवर जातो, त्यामुळे इथल्या परिस्थितीला धरूनच सांगतो.

आधी झीज कुठे होते ते बघा, म्हणजे बाकीचं आपोआप कळेल. ताज्या स्नोवर स्लेड वर्षानुवर्षं ओढली तरी फारसं काही होत नाही. तिला खरा मार बसतो तो गाडीपासून तळ्यापर्यंतच्या तुकड्यावर. बोट उतरवायच्या रॅम्पवर खडी असते, सिमेंट असतं, रस्त्यावरून आलेली वाळू आणि मीठ असतं. तळ्यावर पोचल्यावर गोठलेला स्लश (स्नो आणि पाण्याचा लगदा) असतो, ज्याच्या कडा काचेसारख्या धारदार असतात. 2023-24 सारखा कमी स्नोचा हिवाळा आला तर सगळा प्रवास उघड्या बर्फावरून होतो. त्यात ऑगर (बर्फात भोक पाडायचं यंत्र), हीटर, गॅसचा सिलिंडर, बॅटरी आणि तंबू धरून दीड-दोनशे पौंड सहज भरतात, आणि हा सगळा भार तळाला साच्यातच काढलेल्या दोन-तीन उंच धारांवर येतो. टो-बार (स्लेड ओढायचा दांडा) पुढचा भाग थोडा उचलून धरतो, म्हणून मागचा एक तृतीयांश भाग आधी जातो. तुमची स्लेड उलटी करून मागच्या टोकाकडे हात फिरवा, तिथे धार सपाट झालेली लागेल.

पातळ शीट तापवून साच्यावर ओढून बनवलेली स्लेड असेल तर अजून काळजी घ्या. शीट ताणली जाते तेव्हा नेमक्या त्या धारांच्या कोपऱ्यांवर ती सर्वांत पातळ होते. साचा फिरवून ओतलेल्या जाड स्लेडमध्ये जाडी बरीचशी सारखी असते, त्यामुळे तिला वेळ मिळतो. पण तीही घासतेच.

पट्टीचं काम बैलगाडीच्या चाकावरच्या लोखंडी धावेचं आहे. ती झिजते म्हणून चाक टिकतं, आणि झिजली की बदलायची. म्हणजे पट्टी कधीतरी संपणारच, हे धरूनच ती निवडायची.

आता साहित्य. दुकानात याचे तयार संच मिळतात, बरेच लोक त्यांना हायफॅक्स म्हणतात. मुळात स्नोमोबाइलच्या ट्रॅकच्या आत, रेलवर ज्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, त्यांचं हे नाव. तुमच्या मॉडेलचा तयार संच मिळत असेल तर सरळ तोच घ्या, त्याची वळणं आणि भोकं जुळलेली असतात. नसेल तर यूएचएमडब्ल्यू पॉलिथिलीनची पट्टी घ्या, दीड ते दोन इंच रुंद. हे प्लास्टिक घासायला फार चिवट, बर्फावर निसरडं, आणि उणे तीसमध्येही तडकत नाही. साधी एचडीपीई, म्हणजे नेहमीचं कठीण पॉलिथिलीन, थोडी लवकर झिजते, पण चालते. स्वयंपाकघरातले मोठे पांढरे चॉपिंग बोर्ड बहुतेक त्याचेच असतात, आणि त्यातून पट्ट्या कापून लावणारे लोक इथे आहेत.

पीव्हीसीचा पाइप उभा चिरून लावायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. स्वस्त आहे, पण कडक थंडीत तो ठिसूळ होतो आणि एखाद्या उंचवट्यावर आपटला की त्याचा तुकडा उडतो. हातातली पट्टी कशाची आहे याची शंका असेल तर चाकूने एक छिलका काढून पाण्यात टाका. पॉलिथिलीन तरंगतं, पीव्हीसी आणि नायलॉन बुडतात.

जाडीत काटकसर करू नका. पाव इंची बोल्टचं चपटं डोकं सुमारे चार मिलिमीटर खोल बसतं. सहा मिलिमीटरच्या पट्टीत ते बुडवलं तर खाली झिजायला जेमतेम दोन मिलिमीटर उरतात. दहा मिलिमीटरची घेतली तर सहा उरतात. एवढ्या फरकाने पट्टी तिप्पट टिकते.

अॅल्युमिनियमची पट्टी का नको, तर थंडीत आकसण्यामुळे. पॉलिथिलीन दर मीटरला, दर अंश सेल्सिअसला साधारण 0.15 ते 0.2 मिलिमीटर आकसतं. गॅरेजमध्ये वीस अंशांत बसवलेली दीड मीटरची पट्टी तळ्यावर उणे वीसमध्ये नऊ ते बारा मिलिमीटर लहान होते. स्लेडही पॉलिथिलीनचीच, त्यामुळे ती जवळपास तेवढीच आकसते आणि दोघांचं जुळतं. अॅल्युमिनियम त्याच फरकात दीड मिलिमीटरही आकसत नाही. मग बोल्ट भोकाच्या कडेवर ओढ देतात, भोकं लांबट होतात आणि तळ वेडावाकडा होतो. उघड्या बर्फावर स्लेड मागून डावी-उजवीकडे जाते म्हणून काही जण धातूची अरुंद पट्टी मुद्दाम लावतात, तिने स्लेड रेषेत चालते हे खरं आहे. तीच हवी असेल तर आखूड तुकड्यांमध्ये लावा. तसं पाहिलं तर दोरीऐवजी ताठ टो-बार असला की हा त्रास बराच कमी होतो.

आता गोंद का नको ते. पॉलिथिलीनवर इपॉक्सी, सुपरग्लू किंवा सिलिकॉन यांतलं काही धरून बसत नाही. घरात घट्ट वाटतं, आणि थंडीत पहिल्या धक्क्याला पट्टी सोलून हातात येते. म्हणून बोल्ट. स्टेनलेसचे घ्या, कारण इथल्या रस्त्यावरच्या मिठाने जस्ताचा मुलामा लवकर जातो. चपट्या डोक्याचे घ्या, आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात सीएसके म्हणतात ते. डोकं खालून, पट्टीत बुडालेलं. स्लेडच्या आत रुंद वॉशर आणि वर नायलॉनची कडी असलेला लॉकनट. वीस-पंचवीस सेंटिमीटरवर एक पुरे, पुढच्या वळणावर जरा जवळ. अमेरिकेतल्या इंची बोल्टचं डोकं 82 अंशांचं असतं आणि मेट्रिकचं 90 अंशांचं, तेव्हा काउंटरसिंकचं (डोकं बुडायला तिरकी खळी पाडणारं) बिट त्याप्रमाणे घ्या. नाहीतर डोकं नुसतं कडेवर टेकतं.

पट्टीतलं भोक बोल्टच्या मापाचं पाडा, पण स्लेडमधलं दीड-दोन मिलिमीटर मोठं ठेवा, म्हणजे थोडंफार सरकायला जागा राहते आणि रुंद वॉशर ते भोक झाकतो. पाण्यासाठी प्रत्येक बोल्टभोवती, पट्टी आणि तळाच्या मध्ये, ब्युटिल टेपचं (मऊ रबरी पट्टीचं) छोटं कडं द्या, आणि एक वॉशरखाली. ते चिकटण्यापेक्षा दाबलं जाऊन पाणी अडवतं, आणि गारठ्यात मऊही राहतं. एवढं केलंत की स्लशमधून गेलात तरी आत पाणी येत नाही.

नट हाताने, सावकाश आवळा. स्टेनलेसवर स्टेनलेस वेगाने फिरवलं तर आटे एकमेकांत जाम होतात आणि मग बोल्ट कापण्याशिवाय उपाय राहत नाही. नट बसवताना आट्यांना थोडं ग्रीस लावा. पॉलिथिलीन दाबाखाली हळूहळू बसतं, त्यामुळे पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर नट सैल झालेले दिसतील. तेव्हा परत आवळा, पण वॉशर प्लास्टिकमध्ये रुतेपर्यंत नाही.

आत वर आलेलं बोल्टचं टोक मात्र विसरू नका. तुमच्या स्लेडलाच जोडलेला, उलटून उभा राहणारा तंबू असेल तर कापड घडी होऊन त्याच टोकांवर पडतं, आणि रस्त्याच्या धक्क्यांनी काही तासांत त्याला भोक पडतं. टोक नटाच्या पातळीला कापून कानस मारा, किंवा टोपीचे नट वापरा.

सर्वांत जास्त वेळ द्यायचा तो पट्टीच्या पुढच्या टोकाला. ते सपाट भागावर संपवू नका, नाकाच्या वळणावर चांगलं वर चढवा आणि कडेला तिरका उतार द्या. तळाशीच संपलेली पट्टी बर्फाच्या उंचवट्यात अडकते, आणि स्नोमोबाइलचा जोर असा असतो की पट्टी नव्हे, स्लेडचं नाक फाटतं. वाकवायला हीट गन लांबून, हळूहळू फिरवत धरा, पृष्ठभाग चमकायला लागला की थांबा. पॉलिथिलीन एकशे तीस अंशांच्या आसपास वितळतं, आणि स्लेड तर पट्टीहून पातळ, म्हणून पट्टी वेगळी वाकवून मग बसवा.

एका बाबतीत पट्ट्यांचा तोटा आहे. गुडघाभर मऊ स्नोत सपाट रुंद तळ वर तरंगत जातो, आणि उंच अरुंद रनर खाली रुततो. म्हणून पट्टी धारेइतकीच रुंद ठेवा, त्यावर आणखी उंची चढवू नका. तुम्ही नेहमी उत्तरेला खोल स्नोत जात असाल तर पातळ पट्टी बरी. जुन्या स्कीवर चौकट बसवून वर स्लेड ठेवायचा जो प्रकार आहे, ज्याला इथे स्मिटी स्लेड म्हणतात, तो उघड्या बर्फावर आणि रॅम्पवर उत्तम चालतो, खोल स्नोत नाही.

तळ्यावर थांबलात की स्लेडखाली दोन लाकडी फळ्या सरकवा. स्लशमध्ये गोठलेली स्लेड मशिनने हिसकून काढायला गेलं की बोल्ट उपटतात. आडवी हलवून आधी मोकळी करा.

आणि ओढण्याआधी बर्फ मोजाच. मिनेसोटाच्या डीएनआरचं (राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाचं) सांगणं आहे की स्वच्छ नव्या बर्फावर चालायला किमान 4 इंच हवेत, स्नोमोबाइलला 5 ते 7, आणि पांढरट बर्फ असेल तर जाडी दुप्पट धरायची. भरलेल्या स्लेडचं वजन त्यावर आणखी येतं, हे लक्षात ठेवा.

तळाचा एक फोटो टाका, धारा किती आणि किती रुंद ते दिसेल असा. मग बोल्ट नेमके कुठे घ्यायचे ते सांगतो.