ऑस्ट्रेलियातल्या ॲबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी लोकांची नक्षी साड्यांवर छापून विकली तर चालेल का?

मी स्क्रीन प्रिंटिंगच्या धंद्यात आहे, म्हणून स्पष्टच सांगते: इंटरनेटवरून उचलून छापणार असाल तर नाही. ठिपके आणि रेषा काय कोणीही काढेल, पण ही नक्षी विशिष्ट जमिनीशी जोडलेली असते आणि ती काढायचा हक्क ठरावीक लोकांकडेच असतो.

युटोपियाचं उदाहरण घ्या. हा मध्य ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्ज शहराच्या ईशान्येचा वाळवंटी मुलूख आहे. तिथल्या बायका १९७७ मध्ये बाटिक शिकल्या. उघड्यावर मेण वितळवायचं, ब्रशने रेशमावर ओढायचं, कापड रंगात बुडवायचं, मग उकळत्या पाण्यात मेण काढून टाकायचं. पुढे जगभर गाजलेल्या चित्रकार एमिली केम उंग्वारे यांनी कॅनव्हासला हात लावण्याआधी साधारण दहा वर्षं हेच काम केलं. त्यांच्या आल्हालकेरे भागात जमिनीखाली एक कंद होतो आणि तो पोसला की वरची माती तडकते. त्यांच्या कामात पुन्हा पुन्हा येणारं रेषांचं जाळं त्या कंदाच्या मुळांचं आणि त्या भेगांचं. शिवाय विधीच्या वेळी बायका छातीवर जे पट्टे ओढतात, तेही त्यात आहेत. आता सांगा, हे आपण कुठल्या नात्याने छापायचं?

आणि हा नुसता भावनेचा प्रश्न नाही. जॉन बुलुन बुलुन या ॲबोरिजिनल चित्रकाराने आपल्या कुळाच्या पाणवठ्याचं चित्र काढलं होतं; त्यात हंस होते, कमळं होती. त्याची नक्कल छापलेलं कापड एका कंपनीने ऑस्ट्रेलियात आणलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. १९९८ च्या निकालात न्यायाधीशांनी म्हटलं की कॉपीराइट चित्रकाराचा असला, तरी त्याचा वापर करताना तो आपल्या कुळाला बांधील असतो. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. खुद्द चित्रकारालाच मनाला येईल तसं वागता येत नाही, तिथे आपण कोण?

खरंच काम करायचं असेल तर ॲबोरिजिनल कलाकारांच्या कलाकेंद्राला थेट लिहा. उत्तर ऑस्ट्रेलियाच्या आर्नहेम लँड भागातल्या मानिन्ग्रिडा गावात बाबारा हे बायकांचं केंद्र आहे. तिथे त्या स्वतः लिनो, म्हणजे लिनोलियमचे छाप कोरतात, स्क्रीनने हाताने छापतात. कोणती नक्षी, किती मीटर, कलाकाराचं नाव कुठे येणार आणि मोबदला किती, हे लेखी ठरवा. नाही म्हणाल्या तर विषय संपला. नाहीतर त्यांनीच छापलेलं कापड विकत घ्या आणि तुमच्या साध्या हातमागाच्या साडीवर त्याचा ब्लाऊज शिवा.