टचपॅडचा बाण आपोआप पळतो? आधी चार्जर काढून बघा

नमस्कार. तुम्ही अंबाजोगाईहून लिहिलंय की लिनक्स मिंट टाकल्यापासून टचपॅडचा बाण आपोआप पळतो, मध्येच क्लिक होतं, दोनदा सिस्टीम नव्याने टाकून झाली आणि आता वैतागून विंडोजवर परत जायचा विचार आहे. वाचताना मला माझा २०२२ चा उन्हाळाच दिसला. तिसऱ्यांदा सिस्टीम टाकू नका, एवढं आधी ऐका.

अपडेट, सेटिंगमधला टचपॅडचा खटका, फंक्शन की हे सगळं तुम्ही बघितलंच असेल, त्यात शिरत नाही. मला एकच सांगा: हे चार्जर लावलेला असतानाच होतं, की नुसत्या बॅटरीवरही?

हा प्रश्न मला वर्षभर कुणी विचारला नाही आणि मलाही सुचला नाही. परभणीत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. मे महिना, ऐन लग्नसराई, इंकस्केप या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये पत्रिका उघडलेली. नवरीचं नाव जरा डावीकडे सरकवायला जावं तर बाण उडी मारून वरचा गणपतीच उचलायचा. गिऱ्हाईक खुर्चीमागे उभं राहून बघतंय. शेवटी यूएसबी माऊस लावून सीझन काढला.

रात्री दुकान बंद केल्यावर माझे प्रयोग चालायचे. ग्रबमध्ये, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये, कुठून कुठून उचललेल्या ओळी घातल्या. पीएसमाऊस हे टचपॅड चालवणारं मॉड्यूल ब्लॅकलिस्ट केलं, म्हणजे सुरूच होऊ नये असं एका फाइलमध्ये लिहून ठेवलं, आणि विसरलो. मग लॅपटॉप घेऊन संभाजीनगरला एका सर्व्हिस सेंटरला गेलो. नाव घेत नाही. तिथल्या माणसाने विंडोजची पेन ड्राइव्ह लावली, चार्जर लावला, पाच मिनिटं बोट फिरवलं आणि म्हणाला, "इथं तर व्यवस्थित चालतंय. तुमचं ते लिनक्स काढा, मग बघू." दुसऱ्या खेपेला साडेतीन हजार घेऊन टचपॅडच बदलला. दुकानात येऊन लावतो तर नवा टचपॅड ठार बंद! आठवडाभर त्यांना शिव्या घातल्या. तो मेला होता माझ्याच ब्लॅकलिस्टच्या फाइलने. ती ओळ काढली आणि बाण परत पळायला लागला, पहिल्यासारखाच. तेव्हा तुम्हीही काही प्रयोग केले असतील तर आधी ते सगळे उलटे करा.

पण सगळ्यात मोठी चूक पुढे आहे. ऑगस्टमध्ये मिंट २१ टाकलं, त्यात ५.१५ कर्नल (सिस्टीमचा गाभा) होतं. माऊस काढून टचपॅडवर बोट ठेवलं तर एकदम लोण्यासारखा! मी छातीठोकपणे चार जणांना सांगितलं की जुन्या कर्नलमध्ये दोष होता. मधल्या काळात दीड-दोन महिने पाऊस पडून गेलाय, हे डोक्यातही आलं नाही. पुढच्या मार्चमध्ये ऊन तापलं आणि त्याच मिंट २१ वर गणपती परत पळाला.

उलगडा केला तो वायरमन मामांनी, तेही पंख्याचा रेग्युलेटर बदलायला आले होते म्हणून. मी सहज बोललो की लॅपटॉपच्या पत्र्याला हाताची मागची बाजू लागली की मुंग्या येतात. त्यांनी टेस्ट लॅम्पची एक वायर फेजला आणि दुसरी सॉकेटच्या अर्थिंगला लावली. बल्ब नुसता लालसर झाला, म्हणजे अर्थिंग कमजोर. म्हणाले, "मालक, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी कवा टाकलं व्हतं?" खड्डा कुठे आहे हेच मला माहीत नव्हतं. मागच्या बाजूला सापडला. घरमालकांनी त्यावर शहाबादी फरशी टाकून तुळशीची कुंडी ठेवली होती. फरशी काढली तर काळी माती भेगाळून पाइपापासून बोटभर सुटलेली. मीठ-कोळसा भरून चार घागरी पाणी ओतलं. संध्याकाळपर्यंत बाण जागेवर.

टचपॅडला बोट कळतं ते विजेच्या अगदी बारीक फरकावरून. चार्जरमधून २३० व्होल्टच्या बाजूची किंचित गळती लॅपटॉपकडे येतच असते. अर्थिंग धड असेल तर ती जमिनीत जाते, नसेल तर टचपॅडला भलतीच बोटं दिसतात. सर्व्हिस सेंटरच्या सॉकेटला अर्थिंग असणारच, मग तिथे काय दिसणार? "घरी कुठल्या सॉकेटला लावता?" एवढं विचारलं असतं तर माझे साडेतीन हजार वाचले असते. असो.

लिनक्समध्ये टचपॅड-माऊस सांभाळतं ते लिबइनपुट. खात्री करायची तर त्याचं लिबइनपुट-टूल्स हे पॅकेज टाका आणि टर्मिनलमध्ये 'सुडो लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स' चालवा (मी मोबाईलवरून मराठीत लिहितोय, तुम्ही इंग्रजी स्पेलिंगनेच टाका). मग हात पूर्ण बाजूला घ्या. कुणी शिवलेलं नसताना टचपॅडच्या नावाच्या ओळी पळत असतील तर दोष सेटिंगच्या खालचा आहे. तशा ओळी पळत असतानाच चार्जर काढा. ओळी थांबल्या तर घरातली वायरिंग बघा.

बॅटरीवरही पळत असेल तर माझी गोष्ट सोडून द्या. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवा. डुगडुगत असेल किंवा टचपॅड वर उचललेला दिसत असेल तर बॅटरी फुगली असेल. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे नवीन नाही. तसं असेल तर वापर बंद करा, दाबू-टोचू नका, बदलून घ्या. आणि फक्त टाईप करतानाच बाण उडत असेल तर तळहात लागतोय. सेटिंगमध्ये टाईप करताना टचपॅड बंद ठेवायचा पर्याय असतो.

जुना सिनॅप्टिक्स ड्रायव्हर टाका असा सल्ला तुम्हाला मिळेलच. माझ्या मते नका टाकू. त्यात आता नवीन काही होत नाही, आणि तो टाकला की लिबइनपुट बाजूला पडतं.

मी इलेक्ट्रिशियन नाही. बल्ब लावून बघायचा उद्योग स्वतः करू नका, वायरमनला बोलवा. चार्जर तीन पिनांचा असेल तर टू-पिनचा जुगाड काढून टाका. मुळातच दोन पिनांचा असेल तर अर्थिंगने फरक पडणार नाही, चांगला चार्जर आणून बघावा लागेल. मी आता मार्च ते जून दर आठ-दहा दिवसांनी खड्ड्यात दोन बादल्या ओततो. टँकरच्या पाण्यावर दिवस काढताना मातीत पाणी ओतायचं जिवावर येतं, म्हणून भांडी विसळलेलं पाणी वापरतो.

चार्जर काढून काय होतं ते आज रात्रीच बघा आणि इथे लिहा. लाईट गेलेली असेल तर आयतीच चाचणी होईल.