फक्त स्टेजिंगवर फेल होणारी टेस्ट रिट्रायने झाकू नका

तुम्ही विचारलंय की लोकल (स्वतःचा लॅपटॉप), क्यूए (टेस्टिंगचा सर्व्हर), स्टेजिंग (प्रॉडक्शनसारखी रंगीत तालमीची जागा) आणि प्रॉडक्शन (खरे वापरकर्ते असतात ती जागा) या चारही ठिकाणी त्याच ऑटोमेटेड टेस्ट कशा चालवायच्या, प्रत्येकासाठी कोडची वेगळी ब्रँच ठेवावी का, आणि ज्या टेस्ट फक्त स्टेजिंगवर अधूनमधून फेल होतात त्यांना रिट्राय, म्हणजे फेल झाली की आपोआप पुन्हा चालवणं, लावला तर चालेल का.

ब्रँच अजिबात नको. टेस्टचा कोड एकच, आणि बेस यूआरएल, डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड हे सगळं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे कोडच्या बाहेर त्या त्या ठिकाणी ठेवलेल्या सेटिंगमधून. टेस्टच्या आत 'स्टेजिंग असेल तर असं, नाहीतर तसं' असा इफ दिसला की मी रिव्ह्यूत तो पीआर (पुल रिक्वेस्ट, कोडमधल्या बदलाचा प्रस्ताव) परत पाठवते. कुठे कुठली टेस्ट चालेल ते टेस्टवर लावलेल्या टॅगने ठरवा.

आता रिट्राय. तुमचा हा तिसरा प्रश्न वाचूनच मी उत्तर लिहायला बसले.

मागच्या एका टीममध्ये आमची एक टेस्ट होती: डेटाबेसमधली खात्यांची यादी आणि बाहेरून आलेली फाइल, दोन्ही नावाने सॉर्ट करून जुळवायच्या आणि कुठलं खातं राहिलंय ते सांगायचं. सीआयवर (कोड बदलला की आपोआप टेस्ट चालवणारा सर्व्हर) कायम हिरवी, म्हणजे पास. स्टेजिंगवर कधी हिरवी, कधी लाल. लीडचं म्हणणं, "स्टेजिंग आहेच तसं, तीन रिट्राय टाका आणि पुढे चला." रिट्राय टाकल्यावर ती खरोखर पास व्हायला लागली, आणि सगळ्यांच्या दृष्टीने विषय संपला.

मला ते पटेना. नेटवर्कचा घोळ असता तर टाइमआउट आला असता. इथे मात्र निकालच चुकीचा येत होता, समोर असलेलं खातं 'सापडत नाही' म्हणून. सीआयमध्ये आम्ही पोस्टग्रेस या डेटाबेसची अल्पाइन लिनक्सवरची कंटेनर इमेज (तयार पॅकेज) वापरत होतो, कारण ती लहान. स्टेजिंग आणि प्रॉडक्शन डेबियन या दुसऱ्या लिनक्सवर. अल्पाइनमध्ये सी लायब्ररी (बाकीचे प्रोग्रॅम जिच्यावर चालतात ती मूळ लायब्ररी) मसल, डेबियनमध्ये जीलिबसी. मसलला भाषेनुसार सॉर्ट करता येत नाही, ती बाइटच्या क्रमाने लावते, म्हणजे सगळी कॅपिटल अक्षरं आधी आणि स्मॉल नंतर. जीलिबसीच्या यूएस इंग्रजी लोकेलमध्ये (भाषा-देशाच्या सेटिंगमध्ये) मात्र कॅपिटल आणि स्मॉल एकमेकांत मिसळून येतात. आमचा जुळवणीचा कोड बाइटचाच क्रम धरून चालत होता, त्यामुळे अल्पाइनवर तो बरोबर ठरायचा. डेबियनवर यादीत स्मॉल अक्षराने सुरू होणारं नाव आलं की क्रम विस्कटायचा आणि खरी खाती गळायची.

मग कधी हिरवी, कधी लाल का? कारण टेस्टमधली नावं रँडम होती. रिट्रायला नवी नावं मिळायची, त्यात स्मॉल अक्षर नसलं की पास. म्हणजे रिट्राय प्रॉडक्शनमधला खरा बग आमच्यापासून लपवत होता. उपाय क्वेरीत 'सी' कोलेशन (बाइटच्या क्रमाने सॉर्ट करण्याचा नियम) लिहिण्याइतका छोटा निघाला, आणि सीआयची इमेज प्रॉडक्शनचीच केली. एवढं होऊनही लीड 'टेस्ट फ्लेकी (विनाकारण कधी पास, कधी फेल होणारी) होती' हेच म्हणत राहिले. टेस्ट फ्लेकी नव्हती. डेटा रँडम होता आणि दोन एन्व्हायर्नमेंट वेगळी होती. टेस्ट नेमकं तेच ओरडून सांगत होती.

म्हणून प्रत्येक रनच्या सुरुवातीला लॉगमध्ये डेटाबेसचं व्हर्जन, कोलेशन, टाइमझोन, लोकेल आणि रँडम सीड (तोच रँडम डेटा पुन्हा मिळवून देणारा आकडा) छापा. निम्मी भांडणं तिथेच मिटतात. मायएसक्यूएलमध्ये टेबलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल विंडोजवर चालून जातं आणि लिनक्सवर अडतं. बहुतेक कंटेनर यूटीसीवर असतात आणि लॅपटॉप नसतो. असले फरक डोळ्यासमोर असले की 'माझ्याकडे तर चालतं' म्हणायची वेळ येत नाही. लोकलवर खऱ्या डेटाबेसऐवजी एच-टू हा मेमरीत चालणारा हलका डेटाबेस वापरू नका, टेस्टकंटेनर्स या लायब्ररीने कंटेनरमध्ये खरा पोस्टग्रेस उभा करा. वेळ जास्त लागतो हे खरं, पण तो कारण शोधण्यात जाणाऱ्या वेळेपेक्षा कमीच असतो.

ब्राउझर आणि ओएसबद्दल थोडक्यात: तीन ओएस, तीन ब्राउझर, चार एन्व्हायर्नमेंट म्हणजे ३६ कॉम्बिनेशन होतात. प्रत्येक पीआरवर एकच चालवा, बाकी रात्री. गिटहब ॲक्शन्स या सीआयच्या मॅट्रिक्समध्ये (सगळी कॉम्बिनेशन एकदम चालवण्याच्या सोयीत) फेल-फास्ट डीफॉल्टने चालू असतं, एक जॉब पडला की बाकीचे रद्द होतात. रात्रीच्या रनला ते बंद करा, नाहीतर नेमकं कुठे फेल होतंय आणि कुठे नाही हेच कळणार नाही.

प्रॉडक्शनवर डेटा फक्त वाचणाऱ्या स्मोक टेस्ट (मुख्य गोष्टी चालतात का एवढंच बघणाऱ्या झटपट टेस्ट) चालवा. तिथे डेटा लिहिणारी टेस्ट कोणी कितीही आग्रह केला तरी चालवू नका, वेगळं टेस्ट खातं आणि सफाईची खात्री असल्याशिवाय तर नाहीच.

अल्पाइनवर माझा राग नाही. सॉर्टिंग किंवा लोकेलशी संबंध नसेल तर खुशाल वापरा. तुमचं स्टेजिंग खरोखरच डळमळीत असेल, बाहेरची एखादी सेवा मधूनच पडत असेल, तर तेवढ्या कॉलपुरता रिट्राय ठीक आहे, अख्ख्या टेस्टला नको. आणि टीमने अख्ख्या टेस्टलाच लावायचा ठरवला, तर निदान प्रत्येक रिट्रायला तेच सीड द्या. प्लेराइट हे ब्राउझर टेस्टचं टूल दुसऱ्या प्रयत्नात पास झालेली टेस्ट रिपोर्टमध्ये वेगळी दाखवतं. ती यादी कोण उघडून बघणार, त्याचं नाव आधी ठरवा. कोणीच बघणार नसेल तर रिट्राय शून्यावर ठेवा.