टायर झिजले नाहीत, मग बदलायचे कशाला?

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचकांचं पत्र आलं आहे. ते थोडक्यात असं:

‘माझ्याकडे 1994 ची माझदा मियाटा, दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार आहे, तीन वर्षांपूर्वी 7,500 डॉलरला घेतलेली. एप्रिल ते ऑक्टोबर, रविवारी सकाळी हॅरिमन पार्कमधल्या सेव्हन लेक्स ड्राइव्हवर एक चक्कर मारतो. वर्षाला जेमतेम 2,000 मैल होतात. मेकॅनिक म्हणतो, टायर 2012 चे आहेत, बदला. पण खाचेत पेनी, म्हणजे एक सेंटचं नाणं, उलटी उभी केली की लिंकनचं कपाळ पूर्ण बुडतं, एकही टायर झिजलेला नाही. दुकानदाराने दोन पर्याय दिले. मूळ 14 इंची मापाचे ऑल-सीझन टायर, 65,000 मैलांची वॉरंटी, बसवून 440 डॉलर. नाहीतर नव्या हलक्या 15 इंची रिम आणि त्यावर शर्यतीच्या जवळ जाणारे मऊ टायर, 1,680 डॉलर. त्यातले 900 रिमचे. हे दुकानाच्या कार्डावर सहा महिने बिनव्याजी मिळतील, व्याजदर 29.99 टक्के. महिन्याला 250 भरू शकतो. एक मित्र वापरलेले टायर 160 मध्ये देतोय. गाडीसाठी 900 डॉलर बाजूला आहेत, क्रेडिट कार्डावर 24 टक्क्यांनी 2,900 थकले आहेत. बायको म्हणते, गाडीच विका. नऊ वर्षांची मुलगी शेजारी बसते, ती विकू देत नाही. काय करू?’

नमस्कार.

पैशांचं नंतर बोलू. नवे टायर बसेपर्यंत ही गाडी फिरायला काढू नका, मुलीला घेऊन तर नाहीच. टायरच्या दुकानापर्यंत न्यायची असेल तर कोरड्या दिवशी, हळू आणि हायवे टाळून न्या.

पेनीने खाचेची खोली कळते, रबराचं वय कळत नाही. ऊन, हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन यांनी रबर उभ्या गाडीतही कडक होत जातं. कडेला बारीक तडे दिसू लागतात, आतले पट्टे सुटू लागले तर ते बाहेरून दिसतही नाहीत, आणि ओल्या रस्त्यावरची पकड कधीच गेलेली असते. काही कार कंपन्या सहा वर्षांनी टायर बदला म्हणतात. काही टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि फार तर दहा वर्षं अशी मर्यादा सांगतात. तुमचे टायर सगळ्यात सैल मर्यादेच्याही पुढे गेले आहेत.

30 नोव्हेंबर 2013 ला कॅलिफोर्नियात पॉल वॉकर हा अभिनेता ज्या पोर्शा कॅरेरा जीटीच्या अपघातात मरण पावला, तिचे टायर नऊ वर्षांचे होते. अपघाताचं कारण बेफाम वेग हेच होतं, पण टायरच्या वयामुळे गाडीचा ताबा कमी झाला असावा असंही तपासात नोंदवलं गेलं. तुम्ही तसे पळवत नाही हे मला ठाऊक आहे. पण तुमच्या गाडीत स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे घसरू लागलेली गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा, तीही नाही. अमेरिकेत ते सक्तीचं झालं 2012 च्या मॉडेलपासून. मागच्या चाकांवर चालणारी, हजार-अकराशे किलोंची हलकी गाडी, वळणाचा रस्ता आणि अचानक आलेली सर. अशा वेळी तुमच्या हातात असतात ते तळहाताएवढे रबराचे चार तुकडे.

आता हिशेब. टायर घेताना आपण सवयीने मैलांनी भाग देतो: किती डॉलर, किती मैल चालणार. रोज पार्कवेवरून कामाला जाणाऱ्या गाडीसाठी ते बरोबर आहे. तुमच्या गाडीसाठी तोच हिशेब चुकतो. वर्षाला 2,000 मैल म्हणजे सहा वर्षांत 12,000. 65,000 मैल व्हायला तुम्हाला साडेबत्तीस वर्षं लागतील, आणि टायर त्याच्या कितीतरी आधी म्हातारे होतील. म्हणजे त्या वॉरंटीचा चार पंचमांशाहून जास्त भाग तुम्ही कधी वापरणारच नाही. शिवाय इतके मैल टिकावं म्हणून कंपनी रबर कडक ठेवते. जे तुम्हाला कधी लागणार नाही त्यासाठी तुम्ही पकड सोडताय, आणि स्पोर्ट्स कारमध्ये पकडीसाठीच तर पैसे मोजायचे. तुमचा भागाकार वर्षांनी करा.

टायरच्या कडेवर ‘ट्रेडवेअर’ नावाचा आकडा छापलेला असतो. टेक्सासमधल्या ठरलेल्या रस्त्यांवर 7,200 मैल पळवून, 100 धरलेल्या प्रमाण टायरशी तुलना करून तो काढतात, आणि शेवटी कंपनी स्वतःच तो जाहीर करते. त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून फार बारीक निष्कर्ष काढू नका. ढोबळ अंदाज मात्र येतो, आकडा मोठा तितका टायर उशिरा झिजतो: दुकानदाराचे मऊ टायर 200 च्या आसपास असतील, ऑल-सीझन 500 च्या वर. तुमची जागा मध्ये आहे, 300 च्या आगेमागे, रस्त्यासाठी बनवलेले चांगले समर परफॉर्मन्स टायर. 200 वाले ट्रॅकवर गरम झाले की चिकटतात, पण त्यांच्या खाचा बहुतेक वेळा उथळ असतात, आवाज जास्त येतो आणि साचलेल्या पाण्यात ते लवकर तरंगतात. तुम्ही ऑटोक्रॉसला, म्हणजे शंकू मांडून घेतलेल्या वेळेच्या शर्यतीला, जात नाही, रविवारी मुलीला तळी दाखवायला जाता.

समर टायरची एक अट आहे. पारा सात सेल्सियसच्या खाली गेला की त्यांची पकड झपाट्याने कमी होते, आणि गोठणाऱ्या थंडीत गाडी जागची हलवली तरी रबराला तडे जाऊ शकतात, असं काही कंपन्या बजावतात. तुमची गाडी नोव्हेंबर ते मार्च उभीच असते, म्हणून हा सल्ला. मार्चमधल्या थंड सकाळीही काढायचा मोह होत असेल तर परफॉर्मन्स ऑल-सीझन घ्या. बाकीचा हिशेब तोच राहतो.

खरी अडचण मापाची आहे. तुमचं मूळ माप 185/60आर14 (रुंदी मिलिमीटरमध्ये, कडेची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटी रिमचे इंच). या मापात आता चांगले टायर फार थोडे मिळतात, आणि खप कमी असल्यामुळे दुकानात पडून राहिलेला जुना माल गळ्यात पडण्याची भीती असते. 195/50आर15 मध्ये निवड बरीच मोठी आहे. बाहेरचा व्यास मोजून बघा: पहिल्याचा 577.6 मिलिमीटर, दुसऱ्याचा 576. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी, स्पीडोमीटरला कळणारही नाही. तेव्हा 15 इंचांवर जाण्याची दुकानदाराची सूचना चुकीची नाही. त्यासाठी 900 डॉलरच्या नव्या रिम लागतात, हे मात्र मला पटलं नाही.

1999 पासूनच्या, म्हणजे दुसऱ्या पिढीच्या काही मियाटांवर कंपनीच्याच 15 इंची रिम याच 195/50आर15 मापाच्या टायरसह येत होत्या. बोल्टांची जुळणी तीच, तुमच्या गाडीवर सरळ बसतात. मोठ्या रिम लावलेली माणसं या जुन्या रिम विकत असतात. चार रिमसाठी मी 250 डॉलर धरतो. वाकलेल्या किंवा तडा गेलेल्या नाहीत ना, हे बॅलन्सिंग मशीनवर फिरवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. टायर चार, सरासरी 110 धरून 440. बसवणं, बॅलन्सिंग आणि नवे व्हॉल्व्ह (रिमवरचे जुने रबरी व्हॉल्व्ह ठेवू नका, रबर म्हणून तेही म्हातारे होतात) यांचे 100. एकूण 790. तुमच्या 900 मधून 110 उरतात, ते अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत आहेत ना, ते तपासायला ठेवा. भाव तुमच्या भागात थोडे वरखाली होतील. माझी मर्यादा 900 ची आहे, त्यापुढे जाऊ नका.

रिम खर्ची पडत नाहीत, सहा वर्षांनी त्याच पुन्हा वापराल. म्हणून वर्षांनी भागायचे ते टायर आणि बसवणावळीचे 540 डॉलर, म्हणजे वर्षाला 90. दुकानदाराचा 440 वाला पर्याय वर्षाला 73 पडतो. या 17 डॉलरच्या फरकात मी तुम्हाला काटकसर करायला सांगणार नाही. 15 इंची रिम मिळेपर्यंत थांबवत नसेल, तर 440 वाले घ्या, तेही आताच्या टायरपेक्षा शंभर पटींनी बरे.

दुकानाच्या कार्डाबद्दल मात्र स्पष्ट बोलतो, घेऊ नका. ‘सहा महिन्यांत पूर्ण फेडल्यास व्याज नाही’ याचा अर्थ नीट वाचा. शेवटच्या तारखेला थोडी जरी बाकी राहिली, तरी व्याज खरेदीच्या दिवसापासून लागतं. 250 प्रमाणे सहा हप्त्यांत 1,500 जातील, 180 राहतील, आणि त्या 180 पायी साधारण 160 डॉलर व्याज मागून येईल. बाजूला ठेवलेल्या पैशातून ते 180 वेळेवर भराल, असं म्हणाल. भराल. पण ते सहा महिने तुमचे 250 टायरमध्ये जात राहतील आणि जुन्या 2,900 वर महिन्याला 58 डॉलर व्याज चालूच राहील. ऋण काढून सण करायची ही वेळ नाही. टायर रोखीत घ्या आणि ते 250 याच महिन्यापासून जुन्या कार्डात भरा. त्यावर नवा खर्च टाकला नाही, तर चौदा महिन्यांत कार्ड कोरं होईल.

मित्राच्या टायरना नाही म्हणा. ते कसे वापरले, कुठे ठेवले, पंक्चर कुठे काढलं, काहीच माहीत नाही.

आता वहिनींचं म्हणणं. 24 टक्क्यांचं कर्ज डोक्यावर असताना रविवारची गाडी दारात उभी, हे त्यांना खुपत असेल तर त्यात चूक काय? पण गाडी विकायची की नाही हा निर्णय टायरवरून घेऊ नका. इतक्या जुन्या टायरवरची गाडी विकायला काढलीत तर गिऱ्हाईक टायरचे पैसे किमतीतून कापणारच, म्हणजे हा खर्च दोन्हीकडून तुमच्याच खिशातून जातो. त्यांच्यासमोर चौदा महिन्यांचा कागद ठेवा, दर महिन्याची बाकी लिहून. तीन हप्ते चुकले तर गाडी विकायची, असं दोघांनी मिळून ठरवा आणि पाळा.

आणखी एक, हे माझ्या कामाच्या कक्षेबाहेरचं. 1994 च्या मियाटात शेजारच्या सीटसमोरही एअरबॅग आहे, आणि अमेरिकेत 13 वर्षांखालच्या मुलांना मागे बसवा असं सांगतात. तुमच्या गाडीला मागची सीटच नाही. मुलगी बसणार असेल तर सीट पूर्ण मागे सरकवा, आणि तिच्या डॉक्टरांशी एकदा बोला.

टायर घ्यायच्या दिवशी, रिमवर चढवण्याआधी, प्रत्येकाच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा. 3612 असेल तर 2012 चा छत्तिसावा आठवडा. हे आकडे एकाच बाजूला असू शकतात, तेव्हा टायर उलटून बघा. वर्षाहून जुना असेल तर परत करा; तुम्ही वर्षंच विकत घेताय, त्यातलं एक दुकानात संपलेलं नको. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, 82 च्या खाली नको. आणि हवा भरणारा मुलगा सवयीने 35 पीएसआय भरेल. तुमच्या दाराच्या स्टिकरवर 26 लिहिलं आहे, तेवढीच भरून घ्या.