वाचक विचारतात : बासिलिकाताची घरं, पाणी आणि मिरची

इटलीच्या बुटाची टाच म्हणजे पुल्या आणि चवडा म्हणजे कालाब्रिया. या दोघांच्या मधल्या बासिलिकाता प्रदेशाबद्दल आलेली काही पत्रं या वेळी घेतली आहेत.

माझ्याकडच्या जुन्या नकाशात इथे 'लुकानिया' लिहिलं आहे. प्रदेश एकच की दोन? (वाचक, नागपूर)

एकच. रोमनांच्या आधी इथे लुकानी लोक राहत, त्यांच्यावरून लुकानिया. 'बासिलिकाता' हे नाव बायझंटाईन सम्राटाच्या अधिकाऱ्यावरून, 'बासिलिकोस'वरून आलं. १९३२ साली फॅसिस्ट सरकारने जुनं नाव परत आणलं, ते १९४७ पर्यंत टिकलं. तुमचा नकाशा विसाव्या शतकातला असेल तर बहुधा त्याच पंधरा वर्षांतला असणार. तिथली माणसं आजही स्वतःला लुकानीच म्हणवतात.

बासिलिकातातल्या मातेरा शहराची कोरीव घरं वेरूळसारखीच खोदली का? आणि एवढ्या वस्तीला पाणी कुठून मिळायचं? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

दगडातच मोठा फरक आहे. वेरूळचा कातळ बेसाल्टचा, कैलास लेणं तर वरून खाली कोरत आणलेलं. मातेराचा दगड समुद्राच्या तळाशी साचलेल्या शिंपल्यांच्या चुऱ्याचा. भिंत जवळून पाहिली तर शिंपल्यांचे तुकडे डोळ्यांना दिसतात. ताजा कापताना तो मऊ असतो, हवा लागली की टणक होत जातो. त्यामुळे ग्राविना नदीच्या घळीच्या उतारावर लोक आडवं आत खोदत गेले आणि निघालेल्या चिऱ्यांनी पुढे कमानी छताची खोली बांधली. खालच्या घराचं छप्पर म्हणजे वरच्या घरापुढची वाट.

पाणी पावसाचं. छपरांवरून, वाटांवरून ते पन्हाळींत यायचं, गाळ खाली बसला की जमिनीखालच्या टाकीत उतरायचं. टाकी घंटेच्या आकाराची, तोंड अरुंद आणि पोट मोठं, म्हणून ऊन आत पोचत नाही आणि बाष्पीभवन कमी होतं. हा दगड सच्छिद्र, पाणी पिऊन टाकणारा. म्हणून आतून चुना आणि भाजक्या मातीच्या भुकटीचा गिलावा द्यायचे. आपल्याकडची सुरखी म्हणजे नेमकी हीच. सार्वजनिक चौकाखालच्या 'पालोम्बारो लुंगो' या हौदात सुमारे ५० लाख लिटर पाणी मावायचं. १९९१ मध्ये तो पुन्हा सापडला. या संपूर्ण प्रदेशात माणसाच्या शहाणपणाची याहून मोठी खूण नाही, असं आम्हांला वाटतं.

बिघडलं ते गर्दीने. वस्ती वाढली तशी टाक्या आणि कोठारं राहायला वापरली जाऊ लागली. पाणी साठवायला खोदलेल्या जागेला ना खिडकी ना वारा, त्यात खेचर आणि कोंबड्याही आतच. ओल, हिवताप, बालमृत्यू वाढले. १९५२ च्या कायद्याने सुमारे १५ हजार लोकांना नव्या वस्त्यांत हलवलं. दुरुस्तीसाठीचा कायदा १९८६ मध्ये झाला आणि १९९३ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंद केली. अशा दगडावर सिमेंटचा गिलावा करणं हे नुकसानच. ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. तिथे चुनाच हवा.

गावं डोंगरमाथ्यावरच का वसली? (वाचक, सांगली)

प्रदेशात सपाटी जेमतेम आठ टक्के, आणि तीही मुख्यतः ब्रादानो, बासेन्तो, आग्री, सिन्नी या नद्यांच्या मुखांकडची. किनाऱ्यावरच्या मेतापोन्तोला ग्रीकांनी वसाहत केली, पण पुढे ही सपाटी दलदलीची आणि हिवतापाची झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आणि निचऱ्याची कामं झाली, मग तिथे शेती पसरली. माथाही निर्धोक नाही. चिकणमातीचे डोंगर पाणी मुरलं की घसरतात. क्राको गाव १९६३ च्या भूस्खलनानंतर रिकामं करावं लागलं.

मातेराला जायचं कसं? (वाचक, वडोदरा)

विमानाने शेजारच्या पुल्यातल्या बारी शहरात उतरा. बारीच्या मुख्य स्थानकाशेजारीच 'फाल' या अरुंदमापी रेल्वेचं वेगळं स्थानक आहे आणि तिकीटही वेगळं. मातेरा चेन्त्रालेला उतरा. दीड ते दोन तास धरा. काही फेऱ्यांना अल्तामुरात गाडी बदलावी लागते, रविवारी सहसा बसच असते. तळव्याला खाचा असलेले बूट घाला, कारण झिजलेल्या पायऱ्या पावसात फार निसरड्या होतात.

बासिलिकातातल्या सेनिझे गावची तळलेली कुरकुरीत मिरची घरी जमेल का? (वाचक, म्हापसा)

जमते, मात्र ढोबळी मिरचीची नाही. तिचा गर जाड आणि पाणीदार, वाळायच्या आधीच सडते. सेनिझेची मिरची गोडसर, पातळ सालीची असते आणि वाळल्यावरही तिचा देठ घट्ट राहतो, म्हणून देठात दोरा ओवून लांब माळा टांगता येतात. वाळलेली मिरची धुवू नका, कोरड्या फडक्याने पुसा. देठ आणि बिया काढा. ऑलिव्ह तेल तापवून एकेक मिरची काही सेकंदच सोडा. फुगली की लगेच काढा, रंग काळवंडेपर्यंत थांबलात तर कडू होते. तेल कमी तापलं असेल तर ती तेल पिते आणि चिवट राहते. कढईतून काढताना मऊच लागेल, कुरकुरीतपणा गार झाल्यावर येतो. मीठ मग भुरभुरा. कोकणच्या दमट हवेत ती तासाभरात सादळते, तेव्हा वाढायच्या वेळीच तळा.